शवासनातली कॅसेट

कॅसेट जागेवर नव्हती. टेपरेकॉर्डर पाहिला, तर तोही नव्हता. मग लक्षात आलं की आज रविवार, खाली सोसायटीच्या हॉलमध्ये आईचा योगवर्ग. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

माझा मावसभाऊ जहाजावर होता, त्यानं कुठल्याशा बंदरातून ती कॅसेट आणली होती. परदेशातला रॉक बँड, आमच्या गोखिवऱ्यात कुणी त्याचं नाव ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं. गाणी लांबच लांब, दुःखी, आणि जिकडेतिकडे कीबोर्ड. सुरुवातीला लाटांचा आवाज, मग कीबोर्डचे सूर नुसते तरंगत राहायचे, मधूनच एखादी घंटा. कव्हरवर चांदण्यात तळ्याकाठी पाठमोरा बसलेला माणूस. आईनं ते चित्र पाहिलं, स्वयंपाकघरातून सुरुवातीचं थोडं ऐकलं आणि ही ध्यानाची कॅसेट आहे असं ठरवून टाकलं. मला विचारायची गरज तिला वाटली नाही. शाळेत शिकवणाऱ्या बायकांना ती सहसा वाटत नाही.

ती सुरुवात संपल्यावर काय होतं, हे फक्त मला माहीत होतं.

त्या दिवसांत मी दुसरं काही ऐकतच नव्हतो. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा, माझा लहानपणापासूनचा मित्र, साध्या तापाचं निमित्त होऊन गेला होता. काकू रडल्या नव्हत्या. तेराव्यालाही नाही. आल्यागेल्याला चहा विचारत होत्या, भाजी निवडत होत्या, आणि इमारतीतल्या बायका धास्तावल्या होत्या. रडली नाही तर वेड लागेल तिला, असं म्हणायच्या. कुणी मुद्दाम त्याचा विषय काढला, कुणी त्याचा फोटो समोर धरला, एकीनं तर गळ्यात पडून स्वतःच रडून घेतलं. काकू ढिम्म. शेवटी आई त्यांना वर्गाला आणू लागली, निदान अंग तरी सैल पडेल म्हणून.

मी धावत खाली गेलो. हॉलचं दार लावलेलं होतं. शवासन चालू असताना दार उघडायचं नाही, वाजवायचं तर मुळीच नाही, असा आईचा नियम. मोडणाऱ्याची ती सगळ्यांसमोर हजेरी घ्यायची. आतून लाटा ऐकू येत होत्या. घंटा झाली. म्हणजे आता थोडंच उरलं होतं. मी बायकांच्या चपलांच्या ढिगात उभा राहून जाऊ की नको करत राहिलो.

आणि ड्रम सुरू झाले.

आत एकच गोंधळ उडाला. कुणीतरी भूकंप म्हणालं. आईच्या शाळेतल्या, सांडोर गावच्या बाई मोठ्यानं येशूचा धावा करू लागल्या. खरं सांगतो, धक्का ओसरला तसं मला हसू फुटायला लागलं होतं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

दारात काकू होत्या. केस सुटलेले, आणि चेहरा असा की मी दचकलोच. त्यावर आनंद होता आणि थोडा लटका राग.

"अरे हो हो, उघडतेय ना," त्या म्हणाल्या.

 त्यांचा मुलगा कधी बेल वाजवायचा नाही. दोन्ही तळव्यांनी दार बडवायचा, उघडेपर्यंत, आणि काकू आतून हेच ओरडायच्या. अख्ख्या जिन्याला ते पाठ होतं.

मागे ड्रम वाजतच होते. टेप बंद करायचं कुणाला सुचत नव्हतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, रिकाम्या जिन्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.  त्यांनी माझा शर्ट मुठीत धरला आणि त्या रडायला लागल्या, इतक्या मोठ्यानं की ड्रम ऐकू येईनात.

इतक्या बायकांनी इतके दिवस खटपट केली होती. दारात मी उभा होतो, तो नव्हता, तेवढं पुरलं.