दात बघून घेतलेला कॅमेरा

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही निवड चुकीची केलेली नाही. बैलाची नाही, बियाण्याची नाही, चपलेची नाही, बायकोची तर नाहीच. मधले काही महिने मात्र साऱ्या गावाला वाटत होतं की त्यांची एक निवड फसली, आणि तसं वाटायला मी कारण होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याबद्दल गमतीचं बरंच लिहिणार आहे. ते वाचताना कुणी मला साव समजू नये.

साडूंचं गाव काष्टीच्या बैलबाजारापासून सायकलच्या अंतरावर. शेती बेताची, पण त्या बाजारात त्यांचा शब्द म्हणजे शिक्का. त्यांना सोबत न नेता गावातलं कुणी बैल घेत नसे. साडू आधी भाव विचारत नसत. बैलाभोवती हात मागे बांधून फिरायचे, पाठीमागे जाऊन एकदम घसा फुटेल असं खोकायचे आणि जनावर दचकतं का ते बघायचे. मग पुढे येऊन जबडा उघडायचा, दात बघायचे, आणि शेवटी व्यापाऱ्याला गंभीरपणे विचारायचं, "ह्याच्या आईचा सोभाव कसा हुता?" इथवर सगळं ठीक होतं. पण जगातली प्रत्येक वस्तू त्याच रीतीनं घ्यायची असते अशी त्यांची पक्की समजूत होती. श्रीगोंद्याला प्रेशर कुकर घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला स्टोव्ह पेटवायला लावून त्यांनी दुकानातच भात शिजवून घेतला आणि शिट्टीचा आवाज पसंत पडल्यावर तो भात गिऱ्हाइकांना वाटला. चपला घेताना दुकानाच्या मालकाला बरोबर घेऊन एसटी स्टँडापर्यंत चालून आले. "एकट्यानं चाललं तर चप्पल आपल्याला फशिवती," हे त्याचं कारण.

माझी निवडही त्यांनीच केली. मी नगरला शाळेत मास्तर. मुलीकडून मला बघायला थोरले जावई म्हणून तेच आले होते. मी पाठमोरा उभा राहून पाणी पीत होतो तेव्हा मागून असा काही खोकला आला की दुसरा कुणी असता तर तांब्या टाकून पळाला असता. मी हललो नाही, कारण ठसका लागला होता. जेवणानंतर त्यांनी माझ्या हातात उसाचं कांडं दिलं आणि मी ते दातांनी सोलेपर्यंत समोर बसून राहिले. सासऱ्यांना त्यांनी जाऊन सांगितलं, "दचकत न्हाई, दात चांगलं हायेत. चालंल."

नव्वदीच्या मधल्या वर्षांत त्यांच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि माझी मेव्हणी, म्हणजे साडूंची बायको, निवडून आली. आजूबाजूच्या गावांत अशा वेळी नवराच कारभार बघायचा. आमचे साडू ग्रामपंचायतीची पायरी चढेनात. कुणी कागद घेऊन आलं की बाहेरच्या लिंबाखालून ओरडायचे, "मी बैलाचा जानकार! सहीची मालकीन आत हाय!" तरी पारावर कुजबुज चालूच होती की पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी बाई धरतील आणि ओढतील साडूच. ते त्यांना फार लागलं. एका रविवारी ते माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, कॅमेरा घ्यायचाय. हलतं चित्र काडनारा. झेंडा तिनंच वडला, ह्ये माझ्या नातवंडास्नी दिसाया पायजे." नातवंडं अजून व्हायची होती. मुलगा सातवीत होता.

कांद्याचे पैसे आलेले होते, पण नव्या कॅमेऱ्याच्या किमतीत खिल्लारी जोडी आली असती. मी शिकलेला माणूस. माझा आग्रह असा की तळहातावर मावणारा नवा कॅमेरा हप्त्यानं घ्यावा. कापडबाजाराजवळच्या दुकानात मी तो दाखवलाही. साडूंनी त्याची छोटीशी कॅसेट चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, "ही आपल्या गावातल्या व्हीसीआरात जाईल का?" दुकानदार म्हणाला, नाही जाणार. "मंग नगं. ज्याची वैरन गावात मिळती त्योच बैल घ्यावा." मग त्यांची नजर फळीवरच्या जुन्या, खांद्यावर घ्यायच्या कॅमेऱ्याच्या धुडावर गेली. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुणी तरी नवं घेताना तो तिथं विकला होता. त्यात मोठी कॅसेट लागे, जी साडूंच्या गावच्या किराणा दुकानातही भाड्यानं मिळायची.

मग परीक्षा सुरू झाली. साडू त्याच्याभोवती फिरले. कॅसेटचं झाकण उघडून त्यांनी आत डोकावून बघितलं. दुकानदार म्हणाला, "काका, काय शोधताय?" मी हळूच म्हणालो, "दात." पाठीमागे जाऊन ते खोकले. कॅमेरा दचकला नाही, दुकानदार दचकला. नंतर त्यांनी तो खांद्यावर घेऊन बाजारातून एक चक्कर मारली आणि बॅटरीचा दम बघायचा म्हणून ती संपेपर्यंत पायरीवर बसून राहिले. मी शरमेनं समोरच्या दुकानातली न परवडणारी लुगडी बघत उभा. शेवटी भाव ठरवायची वेळ आली तेव्हा साडूंनी उपरणं पसरून त्याखाली हात पुढे केला, बैलबाजारात बोटं दाबून सौदा करतात तसा. दुकानदार घाबरून मागे सरकला. पण गल्ल्यामागे डुलक्या घेत बसलेले त्याचे म्हातारे वडील एकदम उठले, पुढे आले आणि त्यांनी आपला हात उपरण्याखाली घातला. दोघांचे चेहरे दगडासारखे, फक्त कापड हलत होतं. सौदा झाला. भाव त्या दोघांच्या बोटांनाच माहीत.

घरी मेव्हणीनं नव्या बैलाचं करतात तसंच स्वागत केलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला, कॅमेऱ्यासोबत आलेल्या तिपाईच्या तिन्ही पायांवर पाणी घातलं आणि कॅमेऱ्याला कुंकू लावलं. ते कुंकू काचेवर लागू नये म्हणून साडूंनी आपला तळहात मध्ये धरला. मला अजून त्यांचा तो लाल तळहात दिसतो.

चालवायचं काम अर्थात मास्तरांचं. पंधरा ऑगस्टला मी कॅमेरा खांद्यावर घेतला. डोळा भिंगाला लागेना म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला आणि 'चालू', 'बंद' दाखवणारी आतली बारीक अक्षरं मला दिसेनाशी झाली. चष्म्याशिवाय वाचता येत नाही हे चारचौघांत कबूल करायला मी तयार नव्हतो. मेव्हणी पुढे झाली. साडू मुद्दाम सगळ्यात मागे, शाळेच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. तिनं एका दमात दोरी ओढली, झेंडा उलगडला, आणि मागून साडूंचा आवाज आला, "व्हय! आश्शी!" असा देखणा क्षण मी आयुष्यात फार कमी पाहिलाय.

संध्याकाळी किराणा दुकानदाराच्या टीव्हीसमोर अर्धं गाव जमलं. पडद्यावर माझ्या चपला आल्या. मग गवत, एक शेळी, पुन्हा चपला. मग मेव्हणी झेंड्याकडे निघाली आणि चित्र तुटलं. लगेच पुन्हा गवत, आणि लाडू वाटणाऱ्यांचे पाय. मला तत्क्षणी कळलं. आधी चाचणीला दाबलेलं बटण मी विसरलो होतो. त्यामुळे चालू करायचं तेव्हा बंद केलं, बंद करायचं तेव्हा चालू. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, "जुनं मशीन. असंच व्हायचं. मी नवं घ्या म्हणत होतो."

मग सगळे साडूंकडे बघायला लागले. "काय राव, दात मोजलं नव्हतं का?" कुणी तरी म्हणालं आणि हशा पिकला. साडू हसले नाहीत. उठून त्यांनी कॅमेरा फडक्यात गुंडाळला, लेकराला गुंडाळावं तसा, आणि घरी नेला.

दिवाळीला बायको माहेरी बहिणीला भेटून आली तेव्हा तिच्याकडून कळलं की गावातले दोघं तिघं साडूंना न विचारताच काष्टीहून बैल घेऊन आले. एक जण बोलवायला आला होता, त्याला साडूंनीच परत पाठवलं. म्हणाले, "माझी नजर गेली बाबा. दुसऱ्याचं नुसकान नगं." इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हार ऐकली नव्हती. त्यांना माझा संशयसुद्धा आला नव्हता. मला निवडलं होतं ना त्यांनी.

नुसतं घरी जाऊन त्यांच्या कानात सांगून मी सुटणार नव्हतो. हशा गावासमोर झाला होता. म्हणून सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला गेलो. मेव्हणी खुर्चीत होती. पाणीपट्टीचा विषय संपल्यावर मी उभा राहिलो. ग्रामसेवक म्हणाले, "पाव्हण्यांना सभेत बोलता येत नाही." मेव्हणी म्हणाली, "सभा माझी हाय. बोलू द्या."

मी सांगितलं. पण आवाज असा निघाला की पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही. साडू नेहमीसारखे सगळ्यात मागे, कानामागे हात धरून बसलेले. "मास्तर, मोटं बोला," मेव्हणी म्हणाली, "ज्यास्नी ऐकाया पायजे त्यास्नी गेलं न्हाई."

मी चष्मा नीट केला आणि वर्गात कधी काढला नव्हता असा आवाज काढला. "कॅमेरा चांगला आहे. निवडणाऱ्याची नजरही चांगली आहे. बटण मी उलटं दाबलं, आणि समजूनही खोटं बोललो. साडूभाऊ, तुमच्या पारखीला माझ्यामुळं डाग लागला. माझं चुकलं. मला माफ करा."