गणपतराव काका, आ करा जी!

दवाखान्यातले किस्से कुठे लिहून ठेवावे लागत नाहीत. आम्ही चार म्हातारे डॉक्टर चहाला बसलो की एकातून दुसरा निघतोच, आणि आतून बायको ओरडते, "झालं यांचं गणपतराव पुराण सुरू!"

तर गणपतराव. पंचाहत्तर सालच्या आसपास मी इंटर्न म्हणून वाशीमकडच्या एका लहानशा दवाखान्यात होतो. नाव सांगत नाही. मूळचा मी पुण्याचा, म्हणून सगळे मला 'पुणेकर' म्हणत. आमचे वानखडे सर आसेगावचे, घशात दुर्बीण घालण्यात एकदम तयार! ही दुर्बीण म्हणजे लोखंडी सरळसोट नळी. चुकून जोरात टेकली तर अन्ननलिका फाटते आणि पेशंट जातो. सरांचा नियम होता, आधी गणपतराव, मग माणूस.

गणपतराव हा सरांनीच तयार केलेला पेशंट. मूर्तिकाराकडून मातीचं डोकं, गळ्याच्या जागी सायकलची ट्यूब, ट्यूबला आतून सिगारेटच्या पाकिटातली चांदी, एक तार चांदीला, दुसरी नळीला, मधे सेल अन् दारावरची घंटी. नळी कडेला लागली की ट्रिंग!

सरांनी सही करायची चिठ्ठी टाईप होऊन ड्रॉवरमध्ये पडली होती. सही मिळाली तर माझी इंटर्नशिप पूर्ण, नाहीतर आणखी सहा महिने तिथंच. आणि माझा हात असा की ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग! समोरची चहावाली सारजाबाई एकदा खिडकीतून म्हणाली, "पुणेकर, आरती करून राह्यले का काय? परसाद कवा हाय?"

*

सरांचा आणखी एक हट्ट. नळी घालण्याआधी पुतळ्याला म्हणायचं, "गणपतराव काका, आ करा जी." मला भारी लाज वाटायची. एकदा न बोलताच नळी घातली. नेमकी त्याच दिवशी घंटी वाजली नाही, तरी नापास!

"काहून सर?"

"मातीपुढं लाज वाटते तुले? मंग जित्या माणसाच्या घशात कायले नळी घालतं?"

तेव्हापासून मी येताजाता गणपतरावाला काका म्हणू लागलो.

*

सर प्रत्येक सरावाचा केसपेपर लिहायला लावत. 'रुग्ण: गणपतराव. तक्रार: शर्टाचं बटण गिळलं. उपचार: दुर्बिणीनं काढलं.' असं रोज! एकदा वरून तपासणीचे साहेब आले. त्यांनी पेशंट पाहिला नाही, कागद पाहिले. लाल शाईनं शेरा आला: 'सदर इसम दररोज बटण गिळतो. यास शर्ट घालू देऊ नये.'

पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "अंमलबजावणी झाली?" आमचे कंपाउंडर शेखचाचा अदबीनं म्हणाले, "जी साहब! तब से नंगा ही बैठा है!"

साहेबांनी 'समाधानकारक' लिहिलं.

*

एक म्हातारबुवा मंगरूळपीरहून घसा दाखवायला आले. सर तपासत होते, सूचना मी देत होतो. "आजोबा, आवंढा गिळा."

म्हातारबुवांनी तोंड मिटलं.

"अहो, आवंढा गिळा ना!"

"औंढा काहून गिळू जी? महादेवाचं गाव हाय ते!"

सरांच्या हातातला टॉर्च खाली पडला. "पुणेकर, थुका गिळा म्हणा, थुका!"

*

आणि मग तो रविवार. भरदुपारी सर चालत आले, मान ताठ, तोंडातून लाळ गळतेय. मटणाचं हाडूक अडकलेलं! थुंकीसुद्धा गिळता येईना. अकोल्याला न्यावं तर जीप बंद पडलेली. नळी धरू शकणारा तिथं मी एकटा, तोही नापास! सांगायला लाज कशाची, मी जाम घाबरलो होतो.

सर स्वतःच टेबलावर आडवे झाले. मी घसा बधिर केला. त्यांनी गणपतरावाकडे बोट दाखवलं. शेखचाचांनी त्याच्या दोन्ही तारा सोडवून सरांच्या दोन हातांत दिल्या. दुखलं की तारा जोडायच्या, घंटी वाजणार!

मी नळी उचलली आणि सवयीनं तोंडातून निघालं, "गणपतराव काका, आ करा जी."

शेखचाचांनी कपाळावर हात मारला. सरांनी निमूटपणे आ केला.

नळी खाली, खाली. माझे कान घंटीकडे. हाडूक दिसलं, चिमट्यात धरलं, नळीसकट हळूच बाहेर! घंटी एकदाही वाजली नव्हती. शेखचाचा "या अल्लाह!" म्हणत स्टुलावर बसले आणि मी भिंतीला टेकून चक्क रडलो.

सरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी ड्रॉवरकडे खूण केली, चिठ्ठी मागून घेतली, टेबलावर पडूनच सही केली आणि माझ्या खिशात कोंबली.

ती मी नागपूरला कॉलेजात दिली. कारकुनानं शिक्का पाहिला, फाईलला लावली, इंटर्नशिप पूर्ण! खालची सही वाचली ती फक्त मी. 'पास. गणपतराव.'