लबाडबायचे किडे

त्या दिवशी तिच्या खोलीत आम्ही चौघी होतो. मी, माझी सासू, समोरची लता आणि ती. तिचा नवरा पण होता, पण तो कानाला रेडिओ लावून बसलेला, म्हणून त्याला धरत नाही.

ती म्हणजे आमची लबाडबाय. खरं नाव चर्चमध्ये घ्यायचे, चाळीत कोणी घेतलं नाही. विक्रोळीला आमच्या भिंतीला तिची भिंत. गोव्याची, नवरा जहाजावर होता. ती खोटं बोलायची, आणि असं बोलायची की डोळ्याची पापणी हलायची नाही. नळावर नंबर लागावा म्हणून "पाव्हणे आलेत गो" सांगायची, दोन बादल्या भरून घ्यायची, आणि घरात बघावं तर तिचा नवरा आणि मांजर. मी एकदा बोलले, देवाला काय सांगशील? तर म्हणाली, "नाताळाच्या आधी फादरकडे जाऊन सगळं एकदम सांगते. म्हणून डिसेंबरात जास्त बोलून घेते, नायतर फुकट जातं."

आता माझं सांगते. माझा मालक, म्हणजे नवरा, कामाला होता ती कंपनी बंद झाली, मग तो आजारी पडला, चार वर्षं खाटेवर होता. मी तीन घरची भांडी केली आणि त्याचं पण केलं. श्रावणात गेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं होतं तसंच झालं. पण सासू ऐंशीच्या पुढची, तिचा एकुलता मुलगा. तिने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. सकाळी चहा, रात्री पेजेचे दोन घोट. डॉक्टर मला बाहेर घेऊन बोलला की असंच चाललं तर म्हातारी उन्हाळा बघणार नाही. मी ताट पुढे करायची, ती ताट मागे सारायची. बोलायची, "झील गेलो आणि मी खाव?"

आमच्यात घरात माणूस गेला की वर्षभर सण नाही, कढई चढवायची नाही. दिवाळीला शेजाऱ्यांनी डबे आणून दिले, सासूने झाकण पण उघडलं नाही.

डिसेंबरात लबाडबाय हाताला पट्टी बांधून आली. पडले म्हणाली, हात मुरगळला, आता माझे कुलकुल कोण वळणार? कुलकुल म्हणजे मैद्याची एवढीशी गोळी कंगव्यावर दाबून गुंडाळायची, शिंपल्यासारखी होते, मग तळून पाकात घोळवायची. नाताळाला हे नसलं तर ताट वाटता येत नाही. सासूला बोलली, "आजये, तुझ्या करंजीची मुरड अख्ख्या चाळीला माहीत. येतेस काय?" सकाळी पट्टी उजव्या हाताला होती. दुपारी परत विचारायला आली तेव्हा डाव्या हाताला. मी बघितलं.

सासू बोलली, आमच्याकडे यंदा तळण नाही.

"तळण माझ्या घरात गो. आणि तळण कसलं? आमच्या गोव्याला ह्यांना किडे म्हणतात. किडे वळलेस तर तुझा दुखवटा मोडतो काय?"

तिकडे खरंच किडे म्हणतात, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी वाटलं ही पण थापच. सासूने काठी मागितली. "किड्यांक कोण तळण म्हणता," एवढंच बोलली आणि चार महिन्यांनी उंबऱ्याबाहेर पडली.

तिकडे गेली आणि कंगवा बघून भडकली. केसांच्या फणयेर खाणा करतत? लबाडबाय शांत, म्हणाली कंगवा नवा आहे आणि फादरने पाणी शिंपडून दिलाय. झालं. सासू मांडी घालून बसली. लताचे कुलकुल बघून बोलली, ह्यापेक्षा माझी गाय बरे वळेल. लता बोलली, आजी, तुमची गाय मालवणात, कंगवा कुठून धरेल? दोघी भांडत होत्या आणि ताट भरत होतं. सासूचे एकसारखे, बारीक, जसे समुद्रातून वेचून आणले.

एक घाणा तळून झाल्यावर लबाडबायने एक सासूच्या हातावर ठेवला. साखर बघ, म्हणाली, मला डॉक्टरची मनाई आहे. तेवढ्यात तीन मुठी खाल्लेल्या तिने, पाक ओठाला लागलेला.

सासूने तोंडात टाकला. चावला. बोलली, "गोड कमी आसा." मग नक्की कमी आहे का बघायला दुसरा घेतला. संध्याकाळपर्यंत बघत बघत वाटी रिकामी केली. मी तोंड फिरवून पीठ मळत राहिले. त्या रात्री तिने भात मागितला.

तेव्हापासून दर नाताळाला सासू तिकडे. लबाडबाय गेल्या पावसाळ्यात गेली, झोपेत. तिच्या महिन्याच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, आम्ही बायका बसलो आणि कुलकुलचा विषय निघाला. मला तिने सांगितलेलं, नारळाचं दूध आणि अंडं. लताला सांगितलं, अंडं अजिबात नको, बारीक रवा घाल. खालच्या मजल्यावरच्या दोघींना आणखी वेगळंच. प्रत्येकीला कानात बोललेली, "तुलाच सांगते, दुसरीला सांगू नको." तिच्या नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "मला बोलली, तू फक्त खा." आम्ही रडायला बसलेल्या बायका, पदर तोंडात कोंबून हसलो.

पण आता सासू परत ताट मागे सारते. लबाडबायचे कुलकुल आण, एवढंच बोलते. आम्ही सगळ्यांच्या पद्धतीने करून बघितले. ती एक चावते आणि बाजूला ठेवते. "हे तिचे नाय."

तर वाचणाऱ्याला एक सांगणं आहे. विक्रोळीच्या गोव्याच्या बाईने तुमच्या कानात कधी कुलकुलचं काही सांगितलं असेल, तर ते मला येऊन सांगा. खोटं असलं तरी चालेल, मी करून बघेन. फक्त लवकर या, म्हातारी थकली आहे.