एकच ठासणीची बंदूक

चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर मी सिक्युरिटीत आहे. बंदूक साफ करून घ्यायला देहूरोडच्या दुकानात गेलो, तर माझ्याआधी एक आजोबा उभे. डोक्यावर पांढरी टोपी, पायात नातवाचे स्पोर्ट शूज. परवाना एकाच ठासणीच्या बंदुकीचा आणि कामं तीन: उसातली रानडुकरं, दसऱ्याची पूजा आणि बांधावरून भांडणारे भाऊबंद.

बैल पारखावा तशी त्यांनी एकेक बंदूक पाहिली. दस्त्यावर थोपटलं, झेंडूची माळ कुठवर लोंबेल ते वितीने मोजलं. मग एक बंदूक उभी धरून नळीच्या तोंडातून दारू ओतल्याचं, छर्रे टाकल्याचं आणि गजाने ठासल्याचं सगळं सोंग सावकाश करून पाहिलं.

दुकानदार वैतागला. “आजोबा, तेवढ्यात डुक्कर पळून जाईल!”

“मग जाऊ द्या की. त्याला घालवायचंच हाय.”

“आणि भाऊबंद?”

“त्यांच्यासाठीच तर ही घेतोय राव. भरेस्तोवर राग उतरतो.”

मग माझ्या बंदुकीकडे पाहून म्हणाले, “ही किती वेळात भरते?”

“दोन सेकंदांत,” मी ऐटीत सांगितलं.

“भाऊ हाय का तुमाला?”

“एक आहे, धाकटा.”

“त्याला जपून ऱ्हायला सांगा.”