दोन शब्दांचा मिस्त्री

मुर्रीच्या नाक्यावर केवलराम मिस्त्रीचं दुकान आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. तो गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. गिऱ्हाइकाला "झालं" किंवा "उद्या" यापलीकडे तो काही सांगत नाही. कित्येक वर्षं मला हा माणूस तुसडा वाटायचा. तुसडा नाही, थकलेला आहे. गुडघे गेलेत, आणि बारीक वायरीचा रंग कोणता, हे आता तो मला विचारतो.

गेल्या महिन्यात त्याच्याकडे गुंजनची लाल गाडी आली. गुंजन ही राइस मिलवाल्या श्यामलालजींची मुलगी, पुण्यात नोकरीला. साध्या छोट्या गाडीत तिने जास्त जोरासाठी टर्बो बसवला, टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा मोठा पंप टाकला आणि दोन शर्यतीही मारल्या. त्यातली सगळी वायरिंग केवलरामची. मध्यंतरी तिने गाडी नव्याने रंगवून घेतली, आणि तेव्हापासून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी झटके खाऊन बंद पडायची. शहरातल्या दोन गॅरेजवाल्यांनी पंप बदलून पाहिला, पण गाडीचं रडगाणं सुरूच. श्यामलालजी वैतागले. केवलराम बरी करतो म्हणाला तर ठेवू, नाहीतर बालाघाटचा एक जण घ्यायला तयारच आहे, असं त्यांनी मुलीला सांगून टाकलं. गाडी राहणार की जाणार, हे आता केवलरामच्या तोंडी होतं. आणि तोंड तर तो उघडत नाही!

तीन दिवस तो त्या गाडीत वाकून बसला होता. फिल्टर काढला, रिले बदलला, टाकी दोनदा उतरवली. मागची सीट काढून पंपाला मीटर लावलं, तर इंजिन जोरात फिरलं की पंपाचा करंट कमी पडायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी कारण सापडलं. पंपाची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने कसलेली असते. रंगाऱ्याने ती काढून पत्रा रंगवला आणि वायर रंगावरच कसून दिली. करंट पुरता पोचणार कसा? या वायरीला सगळे मिस्त्री नुसतं 'अर्थ' म्हणतात.

तेवढ्यात श्यामलालजींचा फोन आला. हात ऑइलने माखलेले म्हणून केवलरामचा फोन कायम स्पीकरवर.

"का निघालं, मिस्त्री?"

"अर्थ नाही जी," केवलराम म्हणाला आणि फोन ठेवला.

मीही ऐकलं. मला वाटलं, हरला बिचारा. खोदून विचारायला हवं होतं, पण मीही आपल्या कामाला लागलो.

त्याने रंग खरवडला, वायर कसली आणि गाडी तिरोड्याच्या रस्त्याला नेऊन आणली. संध्याकाळी परतला तेव्हा चक्क हसत होता. दुकानासमोर ट्रक उभा होता, शेजारी श्यामलालजी आणि बालाघाटवाला.

"तूच तं म्हणला, काही अर्थ नाही म्हणून," श्यामलालजी म्हणाले.

मग केवलराम बोलला. वायर, पत्रा, रंग, सगळं हात जोडून समजावलं. श्यामलालजींनी खाली मान घालून ऐकून घेतलं. पण गाडी त्यांच्याच नावावर, कागदांवर सह्या झाल्या होत्या आणि बालाघाटवाला सोडायला तयार नव्हता. गाडी एकही झटका न देता ट्रकवर चढली. मला फार वाईट वाटलं.

ट्रक वळला आणि गुंजनचा फोन आला. काय निघालं, तिने विचारलं.

"अर्थ नव्हता."

ती हसली. तिला तो शब्द बरोबर कळला. "एवढंच? मंग लावला ना काका?"

"लावला. पन गाडी गेली, पोरी. तुह्या बाबाले म्या नीट सांगतलं नाही."

ती हळूच म्हणाली, "काऊन नाही सांगतलं, काका?"

"थकलो होतो," केवलराम म्हणाला.