डार्करूममधल्या मॅडम

बावीस वर्षं फिजिक्स शिकवतेय. कुणी भूतखेताचं सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलायचे. त्यामुळे हे लिहिणं मलाच विचित्र वाटतंय... पण घडलं ते असं.

नागपुरातल्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी. आणि पीएच.डी.ची मुलं बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स घेतात. त्याआधी दोन आठवडे त्यांचं ट्रेनिंग मी घेते. प्रत्येकानं एक प्रयोग आमच्यासमोर शिकवून दाखवायचा.

त्यांतली प्रणाली खापरखेड्याची, वडील तिथल्या वीज केंद्रात कामगार. तिच्या वाट्याला स्पेक्ट्रोमीटरचा प्रयोग आला होता. यात प्रिझममधून आलेली प्रकाशाची रेघ शोधावी लागते, आणि नव्या मुलांना ती तासन्‌तास सापडत नाही. प्रणाली म्हणाली, "दुर्बिणीत काहून पाहून राहिले? आधी नुसत्या डोळ्यानं पाहा. रेघ दिसली की मंग दुर्बीण तिच्याजवळ न्या."

तिचं अगदी बरोबर होतं. पण मी काय बोलले? "प्रणाली, ही वर्गात बोलायची भाषा आहे का?"

बाकीचे हसले. तीही हसली — कान लाल झाले होते. मी तिला बॅच दिलीच नाही, जर्नल्स तपासायला बसवलं. "थोडं बोलणं सुधार, पुढच्या सेमिस्टरला बघू," म्हटलं. पुढचं सेमिस्टर आलंच नाही. दिवाळीनंतर ताप आला आणि आठव्या दिवशी ती गेली.

जानेवारीत पहिल्या वर्षाची स्पेक्ट्रोमीटरची प्रॅक्टिकल्स सुरू झाली. ती डार्करूममध्ये होतात. आमच्या डार्करूमला एकच दार आहे, आणि माझं टेबल त्या दारासमोरच. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी दुपारचे दोन वाजले असतील. दोन मुली आत होत्या. सलग दोन आठवडे त्यांना रेघ सापडली नव्हती, एक तर रडकुंडीला आली होती. अर्ध्या तासात दोघी हसत बाहेर आल्या. रीडिंग्ज एकदम बरोबर!

"कसं जमलं गं?"

"आतल्या मॅडमनी सांगितलं ना. त्या म्हणाल्या, दुर्बिणीत काहून पाहून राहिल्या वं, आधी नुसत्या डोळ्यानं पाहा."

"कोण मॅडम?"

"नाव नाही माहीत. सोडियमच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात चेहरा नीट दिसला नाही. पण आमच्या घरच्यासारखंच बोलत होत्या."

मी पडदा सारून आत गेले. दिवा जळत होता. आत कुणीच नव्हतं.

नंतर सगळ्या ट्रेनी मुलांना विचारलं. त्या दिवशी कुणी आत गेलं नव्हतं. ट्रेनिंगमधलं ते वाक्य या मुलींना कुणी सांगितलंही नव्हतं. प्रणालीला तर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

शेवटी रविवारी खापरखेड्याला गेले. प्रणालीच्या वडिलांना डार्करूममध्ये घडलेलं सांगितलं, वाटलं चिडतील. ते म्हणाले, "त्या पोरींले समजलं का, मॅडम?"

"समजलं."

"मंग बरं झालं." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "तिले शिकवाची लय हौस होती. तुमच्यासमोर शिकवून आली ना, त्या दिवशी घरी पेढे घेऊन आली होती. म्हणे, बाबा, मॅडमले माह्यं शिकवणं लय आवडलं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आवडलं होतं ना, मॅडम?"

डार्करूममध्ये कोण होतं, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघून मी "हो" म्हणाले — ते खोटं होतं की उशिरा सांगितलेलं खरं, याचंही नाही.