नकाशातल्या तळ्याचं लग्न

नकाशावर माझ्या थोरल्या साडूंइतका आंधळा विश्वास असलेला माणूस अख्ख्या रायपुरात सापडायचा नाही. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्यांसाठी तेल आणतात. यांनी खारून नदीच्या खोऱ्याचा जुना नकाशा आणला, चढउतार, देवळं, तलाव सगळं दाखवणारा. तेव्हापासून कुणाला रस्ता विचारणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटतं. एकदा गुढियारीहून सदर बाजारला निघालो, तर समोरची सरळ गल्ली नकाशात नाही म्हणून त्यांनी स्कूटर वळवली. दर रविवारी मला मागे बसवून नदीकाठच्या एखाद्या गावी नेणार, कुणाच्याही ओट्यावर नकाशा पसरून कोपऱ्यांवर चपला ठेवणार आणि गावकऱ्यांना त्यांचंच गाव समजावून सांगणार.

अशाच एका गावात हातपंप उन्हाळ्यात कोरडे पडत, म्हणून तलाव खोदायचं चाललं होतं. नकाशात मंदिराच्या पूर्वेला एक निळा ठिपका होता. "इथं जुना तलाव होता, गाळानं बुजला. इथंच पाणी थांबंल," साडूंनी छातीठोकपणे सांगितलं. गावानं ऐकलं, आणि लागला नुसता मुरूम. सरपंच कंटाळून म्हणाले, "भैया, बस एक बार और. फिर मशीन वापस."

"नकाशा काहून चुकंल?" साडू उसळले. "मंदिरच चुकीच्या जागी हाये!"

सगळे हसले. एक म्हातारी मात्र पुढे आली. नवरी होऊन आले तेव्हा तलावात न्हायले, असं ती सांगायची आणि घरचे तिला भ्रमिष्ट ठरवायचे. "हव बेटा," ती म्हणाली, "ए मंदिर तो नवा हे. जुन्ना ह पूर म बोहागे."

वाहून गेलेल्या मंदिराचा चौथरा तिनं बाभळींत दाखवला. तिथून मोजून खोदलं, तर काळ्या गाळातून सराईच्या, म्हणजे साल वृक्षाच्या, लाकडाचा खांब वर आला. तळ्याचं लग्न लावून मध्ये असा खांब रोवल्याशिवाय इकडे त्याचं पाणी वापरत नाहीत. म्हातारी खांबाला धरून रडली.

पावसात तळं भरलं, तेव्हा नव्या खांबाशी त्याचं वाजतगाजत लग्न लागलं. मुलीकडून, म्हणजे तळ्याकडून, कोण बसणार, असं निघालं आणि म्हातारीनं साडूंचा हात धरला. त्यांना मूलबाळ नाही. आजवर कुठल्याही लग्नात कन्यादानाच्या वेळी ते पान खायला म्हणून बाहेर जात. त्या दिवशी मेव्हणीसोबत ते शेवटपर्यंत पाटावर बसले.

परतताना फाट्यावर त्यांनी स्कूटर थांबवली आणि नकाशा उघडला. पुन्हा पुन्हा चष्मा पुसला. मग घडी घालून तो खिशात ठेवला.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "घराकडचा रस्ता कोणता हो?"